चार्जरचा चिमटा उलटा लागला तर...

परळीकरांना विजेचे नवल नाही. १९७१ साली येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि परळीचे नाव वैजनाथाबरोबर विजेशीही जोडले गेले. राख, विटा आणि हंगामात ऊस वाहणारे ट्रक-ट्रॅक्टर वाढले, त्यांच्यामागे गॅरेज आली. तेथे बॅटरीचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांसाठी आणि वाहनमालकांसाठी आज आम्ही एक छोटी, पण चुकल्यास महागात पडणारी गोष्ट सांगत आहोत.

हंगाम संपला की ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहतो. उभ्या बॅटरीचा चार्ज आपोआप उतरतो, उन्हाळ्यात तर अधिक वेगाने. ती तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि बॅटरी निकामी होते. यावर उपाय ट्रिकल चार्जर. तो साधारण १ अँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह देऊन बॅटरी भरलेली ठेवतो.

घरच्या विजेची दिशा सतत बदलत असते, म्हणून दोन पिनांचा प्लग उलटा घातला तरी बिघडत नाही. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेचा. तेथे प्लस-मायनस उलटले की ठिणग्या उडतात, चार्जर जळू शकतो, अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

चिमट्याच्या रंगावर विसंबू नका. तेलकट हातांनी लाल-काळा एकच होतो, कधी कोणी वायर बदललेली असते. बॅटरीवरील + आणि − खुणा पाहा. गोल खुंट्यांच्या बॅटरीत प्लसची खुंटी थोडी जाड असते. शंका असल्यास मल्टिमीटर लावा. लाल टोक प्लसवर असेल तर आकड्यापुढे उणे चिन्ह येत नाही. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

आता क्रम. चार्जरचे बटण बंद ठेवा. आधी लाल चिमटा प्लसला लावा. मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर, चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावा. शेवटी बटण सुरू करा. काढताना आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून लांब पडावी. त्याचसाठी जागा हवेशीर असावी आणि जवळ बिडी नको.

काही जुन्या ट्रॅक्टरांत बॉडीला मायनसऐवजी प्लस जोडलेला असतो. तेथे आधी काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि नंतर लाल चासीला लावावा. म्हणून बॉडीची वायर कोणत्या खुंटीवरून निघते, हे आधी पाहावे.

साधा, आपोआप बंद न होणारा चार्जर दिवसेंदिवस लावून ठेवू नये, पाणी आटते. पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि अ‍ॅसिडचे काम चष्मा लावूनच करावे.

गिऱ्हाईक वाहन आपल्या दारात सोडून जाते, ती अमानत असते. खुणा पाहायला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवण्यापायी वाहन बिघडले तर भरपाई खिशातून जातेच, शिवाय नाव जाते. नाव गेले की धंद्यातली बरकतही जाते.