शिक्षणाच्या पैशाचा हिशेब



आमचुराचा हिशेब आपल्या घरात कसा ठेवतात? कैऱ्या किती उतरल्या, सुकून भरल्या किती, व्यापाऱ्याने भाव काय दिला आणि भाडे जाऊन हाती काय राहिले. काठी-मोलगीच्या डोंगरातल्या बायाबापड्यांना हे तोंडपाठ असते. पण मुलगी कॉलेजात गेली की तेच घर हिशेब सोडून देते आणि म्हणते, "ते मोठ्या लोकांचे काम."

होळीच्या सुमारास काठीच्या एका बापाने मला अडवले. "साहेब, सरकार शिकायला पैसा देते म्हणतात. मग पोरीच्या खोलीभाड्यासाठी मला बकऱ्या का विकाव्या लागल्या?" प्रश्न साधा होता, पण त्याच प्रश्नामागे आपल्या महाराष्ट्रातल्या थोर माणसांनी आयुष्य घातले आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिले. सरकारची तिजोरी भरते ती बहुतांशी रयतेच्या घामातून. पण खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आणि ज्याच्या कष्टाचा पैसा त्याचे पोर शाळेविना राहते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा हिशेब त्यांनी सरकारसमोर मांडला.

पुढे तेच काम आकड्यांनी केले ते जे. पी. नाईकांनी. जयंत पांडुरंग नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. गणित शिकलेला हा तरुण स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला आणि सुटल्यावर धारवाडजवळच्या खेड्यात राहून ग्रामसेवा करू लागला. त्यामुळे कागदावरच्या आकड्यामागे कोणाचे घर उभे आहे, हे त्यांना ठाऊक होते. १९४८ साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था काढली. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. १९६९ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा देणारी भारतीय परिषद निघाली, तिचेही ते पहिले सदस्य-सचिव झाले. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

कोठारी आयोगाने काय केले? पेरणीआधी आपण बियाणे, खत, मजुरी धरतो, तसा देशाच्या शिक्षणाचा अंदाज बांधला. १९६५-६६ मध्ये शिक्षणावर दरडोई सुमारे १२ रुपये खर्च होत होते. वीस वर्षांत ते ५४ रुपये व्हावेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा २.९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जावा, असे आयोगाने मांडले. १९६८ च्या धोरणाने सहा टक्के मान्य केले, १९८६ च्या धोरणाने तेच म्हटले, २०२० च्या धोरणानेही पुन्हा तेच लिहिले. तेथे आपण अजून पोचलेलो नाही. पण आकडा लिहून ठेवला होता म्हणूनच तूट किती, हे आज बोट ठेवून दाखवता येते. हिशेब नसता तर नुसते गाऱ्हाणे राहिले असते.

संशोधनाचा पैसाही आपल्याच कामाचा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. नंदुरबार जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. तिथल्या प्रयोगाला पैसा कमी पडला तर त्याची झळ विद्यापीठाला नंतर बसते, तुमच्या तुरीला आणि मिरचीला आधी.

आता त्या बापाची गोष्ट पुरी करतो. आदिवासी विद्यार्थ्यांच्या दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीत केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के भार उचलते. मात्र पैसा खात्यात पडायच्या आधी अर्ज कॉलेजच्या टेबलावरून विभागाच्या टेबलावर जातो, तिथे मंजुरी मिळते आणि मग रक्कम बँकेत येते. आम्ही संगणक केंद्रात बसून महाडीबीटीवर मुलीचा अर्ज उघडला. तो कॉलेजच्या टेबलावरच पडून होता. मुलगी दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन उभी राहिली तेव्हा तो पुढे सरकला. पैसा आला, पण बकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून सांगतो, येत्या जूनमध्ये प्रवेश घेताना घरात एक वही घाला. पहिल्या पानावर फी, खोली, जेवण, प्रवास यांचा वर्षाचा खर्च लिहा. दुसऱ्या पानावर मिळणारी शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा स्वयं योजनेची रक्कम लिहा. तिसऱ्या पानावर अर्ज कोणत्या तारखेला भरला आणि सध्या कोणत्या टेबलावर आहे, ते महिन्यातून एकदा पाहून नोंदवा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. बँकेचे खाते आधारला जोडले आहे ना, ते बँकेत जाऊन विचारा. अर्ज दर वर्षी नव्याने पुढे चालवावा लागतो, हेही विसरू नका.

वही मुलीच्याच हाताने लिहून घ्या. आज ती घरचा हिशेब मांडेल, आणि उद्या कॉलेजचा व तालुक्याचा हिशेब मागायला कचरणार नाही. नाईकांचीही सुरुवात एका खेड्यातूनच झाली होती.