पापणी थकेपर्यंत

"वर बघा. मान हलवायची नाही, पापणी मिटायची नाही." डॉक्टर छताकडे बोट दाखवतात आणि घड्याळाकडे बघत थांबतात. अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग एक पापणी हळूच उतरते, बुबुळावर येते. आता रुमालात गुंडाळलेला बर्फ मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं. बर्फ काढला की पापणी वर!

हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात रोग्याला दमवल्याशिवाय रोग दिसत नाही, म्हणून तो हुलकावणी देतो. नावडे फाट्यावरून तळोजा एमआयडीसीत पाळीला निघालेला माणूस सकाळी धडधाकट असतो. पाळी सुटताना त्याला समोरचा एक ट्रक दोन दिसतो, रात्री भाकरी चावताना जबडा थकतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावं तर सगळं ठीक. चष्म्याचा नंबर बदलतो, आजार तसाच.

बिघाड नस आणि स्नायू यांच्या सांध्यात असतो. नसेतून सुटलेलं ॲसिटिलकोलीन टिपणाऱ्या स्नायूवरच्या ग्राहकांवर शरीराचीच प्रतिपिंडं तुटून पडतात. नागाचं विषही याच ग्राहकांना अडवतं. म्हणून नाग चावलेल्याच्या पापण्या आधी जड होतात आणि त्याला प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन हे औषध देतात. 1973 मध्ये मण्याराच्या जातभाईच्या विषातला एक घटक वापरून अमेरिकेतल्या संशोधकांनी या रोग्यांच्या स्नायूंवरचे ग्राहक मोजले. ते फारच कमी भरले. विषाने रोगाचा पत्ता सांगितला!

उपचार त्याआधीच सापडला होता, तोही विषावरूनच. ही लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी दिसतात, मग उतारा तोच का नको, असा विचार करून मेरी वॉकर यांनी 1934 मध्ये लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. आजची गोळी पायरिडोस्टिग्मिन. गिळायला त्रास होणारे ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतात. मूळ हल्ला मात्र स्टेरॉइडसारख्या औषधांनी आवरावा लागतो. काहींची छातीतली थायमस ग्रंथीही काढतात. 1984 मध्ये अमिताभ बच्चन यांना हा आजार निघाला, तेव्हा अनेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. ते पुढे काम करत राहिले, हेही ध्यानात घ्यावं.

जपायचं ते साध्या तापात. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही नेहमीची अँटिबायोटिक्स इथे अशक्तपणा वाढवू शकतात, त्यामुळे आजाराचं नाव कोणत्याही डॉक्टरला आधी सांगायचं. श्वास कमी पडतोय का हे बघायला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायचे. विसाच्या आत दम संपला तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट न बघता थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठायचं.