ठोका चुकतो, धोका मात्र दुसरीकडेच

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गणित शिक्षक आहेत. वय अडुसष्ट. सकाळी फिरणे, दुपारी नातवंडांची गणिते, संध्याकाळी वाचनालय असा त्यांचा दिनक्रम. गेली ११ वर्षे त्यांच्या हृदयाचे ठोके समान अंतराने पडलेले नाहीत, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणारही नाही. एकदा रक्तदाब मोजायला गेले असता डॉक्टरांनी त्यांचे मनगट धरले आणि बराच वेळ सोडलेच नाही. तेव्हा या विकाराचा पत्ता लागला. विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. आपण त्याला ‘अलिंदांची थरथर’ म्हणू.

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत शिकवतो. वरची दोन अलिंदे, खालची दोन निलये. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ७० वेळा विद्युत इशारा देतो. इशारा अलिंदांभर पसरतो, ती आकुंचन पावतात, मग क्षणभर थांबून निलये आकुंचन पावतात. लेझीमच्या पथकाला सर शिट्टी देतात आणि सगळी मुले एकदम पाऊल टाकतात, तसेच हे. आता समजा, मैदानात पन्नास जणांनी आपापल्या शिट्ट्या फुंकल्या, तर काय होईल? प्रत्येक मूल हलेल, पण पथक हलणार नाही. अलिंदांची थरथर म्हणजे हेच. मिनिटाला ३५० ते ६०० असे विस्कळीत इशारे अलिंदांच्या भिंतींतून फिरत राहतात आणि भिंती आकुंचन न पावता नुसत्या थरथरतात.

मग माणूस जगतो कसा? अलिंदे आणि निलये यांच्या मध्ये पेशींचा आणखी एक पुंजका आहे. तो जकात नाक्यासारखे काम करतो. वरून आलेल्या सगळ्या इशाऱ्यांना तो खाली जाऊ देत नाही. जे सुटतात ते मात्र अनियमित अंतराने सुटतात. म्हणून उपचार नसताना नाडी बहुधा १०० ते १६० च्या दरम्यान आणि पूर्णपणे बेताल चालते. पागोळ्यांचे थेंब पडावेत तशी. पुढचा कधी पडेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

येथे वर्गात एक प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजावेत आणि त्याच मिनिटात तिसऱ्याने त्याच्या मनगटावर नाडी मोजावी. दोन्ही आकडे सारखे येतील. (मुलांची नाडी श्वास घेताना किंचित जलद व सोडताना मंद होते. ते अगदी स्वाभाविक आहे, घाबरू नये.) आमच्या गणिताच्या सरांवर हाच प्रयोग केला तेव्हा छातीवर ९२ आणि मनगटावर ८१ आले. उरलेले ११ ठोके गेले कुठे? दोन ठोक्यांतले अंतर फार कमी असेल, तर निलय भरायलाच वेळ मिळत नाही. ते आकुंचन पावते, आवाज होतो, पण बाहेर पडणारे रक्त इतके थोडे असते की त्याची लहर मनगटापर्यंत पोहोचत नाही. सरांनी ही वजाबाकी आपल्या डायरीत लिहून ठेवली आहे.

थकवा, धाप आणि छातीत धडधड ही या विकाराची लक्षणे. काहींना ती खूप जाणवतात, काहींना अजिबात नाही. पण खरा धोका धडधडीत नाही, तो डाव्या अलिंदाला चिकटलेल्या एका लहानशा पिशवीत आहे. ही पिशवी कानाच्या पाळीसारखी दिसते. अलिंदाला जुन्या पुस्तकांत ‘कर्णिका’ म्हणत, ते अशा आकारावरूनच. अलिंद नीट आकुंचन पावत असते तेव्हा ही पिशवीही रिकामी होत राहते. थरथर सुरू झाली की तिच्यातले रक्त रेंगाळते. ओढ्याच्या वळणावर, जेथे पाणी फिरत नाही तेथे, शेवाळ धरते ना, तसेच. रेंगाळलेले रक्त गोठू लागते. त्या गुठळीचा एखादा तुकडा सुटला, तर तो निलयातून महाधमनीत आणि तेथून थेट मेंदूच्या धमनीत जाऊ शकतो. परिणाम अर्धांगवायू. हा विकार असणाऱ्यांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून १९९१ साली दाखवले गेले.

गुठळी पिशवीत धरत असताना काहीही दुखत नाही, आणि ती रोखणारी गोळी घेतल्यावर काही बरे वाटल्याचेही जाणवत नाही. दुसऱ्याच वर्षी सरांनी ही गोळी तीन आठवडे बंद केली. ‘मला काही होत नाही’ हे कारण. तीन आठवड्यांत काही झालेही नाही. तेव्हा ‘गोळीची गरज नव्हती’ असा निष्कर्ष त्यांनी काढला. संभाव्यता शिकवणाऱ्या माणसाने! फासा तीनदा टाकून सहा पडला नाही, म्हणजे त्यावर सहा नाहीच, असे म्हणण्यासारखे ते झाले. आता ते स्वतःच हा किस्सा हसत सांगतात.

या गोळीची कथा गुरांच्या गोठ्यातून सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागात, बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्याने भर हिमवादळात मेलेली कालवड, चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त असे सारे घेऊन कार्ल लिंक यांची प्रयोगशाळा गाठली. चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे करायला पुढे सहा वर्षे लागली. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ साली बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! १९५४ पासून ते माणसांसाठी वापरले जाऊ लागले.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. रक्त जराही पातळ होत नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते. वापरलेले ‘के’ पुन्हा उपयोगात आणण्याची क्रिया वॉरफरिन अडवते. आधीची प्रथिने संपेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून गोळीचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. परिणाम मोजण्यासाठी आयएनआर ही तपासणी असते. निरोगी माणसात ती १ च्या आसपास येते. या रुग्णांत बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. कमी असेल तर गुठळीचे भय, फार वाढली तर रक्तस्रावाचे. रोजचे जगणे या दोन आकड्यांमध्ये चालते. पालक, मेथी, कोथिंबीर यांत ‘के’ भरपूर असते. त्या वर्ज्य नाहीत, पण प्रमाण रोज साधारण सारखे हवे. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा-बटाट्यावर काढले आणि भाजी बंद झाली, तर आयएनआर चढू शकतो. गुडघेदुखीवर परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही रक्तस्राव घडवू शकते. दात काढायचा म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवायची नसते, हेही डॉक्टरांना विचारूनच.

ही शिस्त पाळली, तर वॉरफरिनने अर्धांगवायूचा धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी होतो. अ‍ॅस्पिरिनला हे काम जमत नाही. २०१० पासून आलेल्या नव्या औषधांना आयएनआर तपासावा लागत नाही, ही मोठी सोय. मात्र त्यांचा प्रभाव दिवसाभरातच ओसरतो, त्यामुळे चुकलेली गोळी अधिक महागात पडते.

ताल पूर्ववत करता येत नाही का? काहींत येतो. औषधे आहेत, विजेचा सौम्य धक्का आहे. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी दाखवले, की थरथर सुरू करणारे इशारे बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांतून निघतात. या शिरांभोवतीचा भाग नळीवाटे जाळून इशारे अडवता येतात. मात्र थरथर जितकी जुनी, तितके हे अवघड. १९९५ साली हॉलंडमध्ये शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की अलिंदे थरथरत ठेवली तर ती थरथरण्यालाच सरावतात. सरांचा विकार आता कायमचा आहे. एका गोळीने नाडीचा वेग आटोक्यात, दुसरीने गुठळीला अटकाव. ताल सुधारलेल्यांनाही ही दुसरी गोळी अनेकदा चालूच ठेवावी लागते. वय, रक्तदाब, मधुमेह यांवरून डॉक्टर ते ठरवतात.

सरांचा विकार उतारवयातला. आपल्याकडे मात्र याची आणखी एक वाट आहे आणि ती शाळेतून जाते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जिवाणूंमुळे सुजतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर परवा घोटा असे सांधे धरतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण जिवाणूंविरुद्ध उठलेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवरही चालून गेलेली असते. पुढे काही वर्षांत डाव्या बाजूची झडप अरुंद होते, मागचे अलिंद ताणते आणि ऐन तिशी-चाळिशीत थरथर सुरू होते. अशा रुग्णांत गुठळीचा धोका आणखी जास्त. शिवाय त्यांना नवी औषधे पुरी पडत नाहीत. साडेचार हजारांवर रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वॉरफरिनच्या कुळातील जुनी औषधेच सरस ठरली. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आयएनआरसाठी तालुक्याच्या गावी फेऱ्या आल्याच.

हा ताप पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल खेळते-बागडते असते, दुखत काहीच नसते, आणि इंजेक्शन मात्र चांगलेच दुखते. त्यामुळे ते चुकवले जाते. सरांच्या तीन आठवड्यांसारखेच. वर्गात असे एखादे मूल असेल, तर त्याची तारीख हजेरीपटाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावी. त्या दिवशी ते आले नाही, तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मागण्याआधी इंजेक्शन घेतलेस का, एवढे विचारावे.