पाटीवरची अक्षरं वाचता येतात का?

आमच्या शेजारच्या काकूंचे गुडघे गेली दोन वर्षं धरलेले. कुणीतरी सांगितलं, स्टँडमागे एक डॉक्टर आहेत, एका इंजेक्शनात माणूस चालायला लागतो. काकू गेल्या आणि खरंच चार दिवस भराभर चालल्या. पंधराव्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. तालुक्याच्या दवाखान्यात तपासलं तर साखर चारशेच्या वर! तिथल्या डॉक्टरांना स्टिरॉईडचा संशय. "कसलं इंजेक्शन होतं? कागद आणा," म्हणाले. कागद म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना नाव ना सही.

मी आणि मंडळातल्या दोघी तिथे गेलो. पाटी भलीमोठी. नावाआधी 'डॉ.', नावापुढे अक्षरांची आगगाडी, शेवटी 'आर.एम.पी.' आणि बाजूला ठसठशीत लाल क्रॉस. अहो, आम्ही शिकलेल्या बायका, पण रोज त्या पाटीखालून जाऊन कधी नीट वाचली नव्हती.

'आर.एम.पी.' ही पदवीच नव्हे. त्याचा अर्थ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक. मग नोंदणी क्रमांक कुठाय? अॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ सालची नियमावली आहे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, शिवाय प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पैशाच्या पावतीवरही घालायचा. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या. महिनाभराच्या कोर्सची अक्षरं जोडून रुबाब वाढवायचा नाही.

आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. आयुर्वेद-युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी. म्हणून बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. दिसलं की लगेच 'बोगस' म्हणू नका हं, तेही रीतसर नोंदलेले डॉक्टर असतात. मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव किंवा क्रमांक घालून शोधता येतं. आपल्याला जमलं नाही तर कॉलेजातली मुलगी दोन मिनिटांत करून देते.

आणि तो लाल क्रॉस! मला तर ते डॉक्टरांचंच चिन्ह वाटायचं. पण १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याच्या मनमानी वापराला मनाई आहे. ते चिन्ह सैन्याच्या वैद्यकीय सेवेचं आणि रेडक्रॉस संस्थेचं. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर कुणी गोळी झाडू नये म्हणून १८६४ पासून ते चालत आलंय. खरं सांगायचं तर चांगले डॉक्टरही गाडीवर ते सर्रास लावतात. त्यामुळे क्रॉस पाहून भरवसा ठेवण्यात काही अर्थ नाही.

"तुमचा नोंदणी क्रमांक?" मी विचारलं. "आहे ना ताई, फ्रेम करायला टाकलाय." आठ दिवसांनी पुन्हा गेलो, फ्रेम अजून यायचीच होती. मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, सोबत पाटीचा फोटो आणि ते वहीचं पान जोडलं. अर्जाची पोच मात्र शिक्का मारून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "कशाला वैर घेतेस?" काकूंचा मुलगाही सही करायला कचरत होता. शेवटी काकूंनी स्वतः अंगठा दिला.

दवाखान्याला आता कुलूप आहे, पाटी उतरवलीय. काकूंची साखर हळूहळू खाली येतेय. इंजेक्शनचे सहाशे रुपये मात्र गेले ते गेलेच, कारण त्याची पावतीच नव्हती.