फिरती पृथ्वी आणि वेळेचा हिशेब

मार्गदर्शक उपग्रहांच्या घड्याळांविषयी सुशिक्षितांतही असा समज रूढ आहे की, सापेक्षतावादामुळे त्यांत पडणारी तफावत उड्डाणापूर्वीच काढून टाकली म्हणजे वेळेचा सारा हिशेब चुकता झाला. तफावत खरी आणि तजवीजही खरी: वेगामुळे सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे व गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे 45 पुढे, अशी वजाबाकी होऊन जीपीएस उपग्रहाचे घड्याळ दिवसाकाठी सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जाते, म्हणून त्याची कंप्रता किंचित उणी ठेवूनच ते वर धाडतात. परंतु पृथ्वीच्या परिवलनाने उद्भवणारी चूक घड्याळात नसून संदेशाच्या वाटेत असते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून निघालेल्या संदेशाला खाली पोचण्यास 67 ते 86 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत विषुववृत्तावरील ग्राहकयंत्र, सेकंदाला 465 मीटर या वेगाने, 30 ते 40 मीटर पूर्वेस सरकलेले असते.

उपग्रह चहूबाजूंना असल्याने ही चूक परस्पर फिटते, हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो, पण तो टिकत नाही. कारण दुरुस्ती न केल्यास सारेच उपग्रह वास्तवापेक्षा पूर्वेस मानले जातात आणि आपले स्थानही त्यांच्यामागोमाग तिकडेच ढळते. प्रकाशाचा वेग दिशेगणिक बदलतो, असेही यावरून समजू नये. फिरत्या मेजावर किरण उलटसुलट फिरवून 1913 साली परिवलनाचा हा परिणाम दाखविणाऱ्या जॉर्ज सान्याक यांना मात्र त्यात ईथर या कल्पित प्रकाशमाध्यमाचाच पुरावा दिसला होता. प्रयोग टिकला, ईथर गेले.

ही दुरुस्ती उपग्रहातच का करीत नाहीत? ती ग्राहकाच्या स्थानावर अवलंबून असते, म्हणून तिचा बंदोबस्त ग्राहकयंत्रातील गणितालाच करावा लागतो. भूस्थिर उपग्रह आकाशात निश्चल दिसतो, सबब त्याला यातून माफी आहे, हा शेवटचा भ्रम. आपल्या देशाच्या ‘नाविक’ या उपग्रह-मार्गदर्शन व्यवस्थेच्या रचनेत 129.5 पूर्व रेखांशावर जो भूस्थिर उपग्रह योजिला होता, त्याचा संदेश मुंबईकडे येत असता मुंबई त्याला सामोरी जाते, आणि वाट सुमारे 50 मीटर घटते; 32.5 पूर्व रेखांशावरील उपग्रहापासून मात्र मुंबई दूर पळते, आणि वाट सुमारे 40 मीटर वाढते. उपग्रह नेमका मुंबईच्याच रेखांशावर असेल, तरच ही दुरुस्ती शून्य होईल.