चाकाचे नट आणि टायरातील हवा

कला शाखेच्या वार्षिकांकात नट-बोल्टवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्यापैकी बरेच जण शेतकरी घरांतून आलेले आहेत. लातूर-नांदेडच्या काळ्या रानात आज बैलांपेक्षा ट्रॅक्टरच जास्त दिसतो. ज्या यंत्रावर घरची भाकरी अवलंबून आहे, त्याची दोन साधी पथ्ये आपल्याला ठाऊक असावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

गेल्या उसाच्या हंगामात चाकूरच्या अलीकडे आमच्या काकांच्या भरल्या ट्रॉलीचे एक चाक निखळले आणि रस्ता सोडून हरभऱ्याच्या रानात जाऊन पडले. नशिबाने मागे कोणी नव्हते. मिस्त्री आले. त्यांनी तुटलेले बोल्ट पाहिले, डिस्कची लांबट झालेली भोके पाहिली आणि विचारले, "काका, पंक्चर काढून चाक बसवल्यावर पुन्हा एकदा पाना लावला होता का?" काका काहीच बोलले नाहीत.

हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. चाक बोल्टवर टांगलेले असते, अशी आपली समजूत असते. खरे तर नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि रबरासारखा आखडू पाहतो. त्या ओढीने डिस्क हबवर घट्ट दाबली जाते. या दाबातून होणारे घर्षणच चाकाला धरून ठेवते. दोन्हींच्या मध्ये चिखल, गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर चालताना तो चुरडतो, बोल्टचा ताण उतरतो आणि नट ढिला पडतो. मग डिस्क हलू लागते, भोके झिजतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. नटाभोवती तांबूस गंजाच्या रेघा दिसणे, हा त्याचा आधी मिळणारा इशारा होय.

म्हणून चाक बसवताना दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत. नटाची निमुळती बाजू डिस्ककडे ठेवावी. चाक जॅकवर असतानाच सगळे नट थोडे थोडे आवळावेत, तेही ओळीने नव्हे, तर एकानंतर त्याच्या समोरचा. ओळीने आवळल्यास चाक एका बाजूला तिरके बसते. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा आणि थोडे अंतर चालल्यावर पुन्हा पाना लावावा.

जोर किती द्यावा? पान्याची लांबी आणि हाताचा जोर यांचा गुणाकार म्हणजे पीळ. अर्ध्या मीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर दिल्यास १० किलो-मीटर पीळ बसतो. त्याच पान्याला पाइप अडकवून ६० किलोचा माणूस एक मीटरवर उभा राहिला, तर तोच ६० होतो! अशाने बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जाऊन कमजोर होतो. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाळावा, हे उत्तम.

आता हवा. ट्रॅक्टरचा भार मुख्यतः टायरातील हवाच तोलते. मागच्या एका चाकावर ७०० किलो भार आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो, म्हणजे सुमारे १४ पौंड, असेल, तर टायर जमिनीला साधारण ७०० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा दुप्पट केली, तर टेकणारी जागा जवळजवळ निम्मी होते. मग टायर काळ्या मातीत रुततो, फिरत राहतो आणि माती दाबून टणक करतो. म्हणून शेतात मागच्या मोठ्या टायरात साधारणपणे १२ ते १५ पौंड हवा ठेवतात, तर पुढच्या लहान टायरात सुमारे दुप्पट. भरल्या ट्रॉलीसह डांबरी रस्त्यावर जाताना मात्र कमी हवा घातक. टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, कडा झिजतात, आणि टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटतो.

हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी. २७ अंशाला ३० पौंड असलेली हवा ५७ अंशाला सुमारे साडेचौतीस पौंड दाखवते. दुपारी तो आकडा पाहून हवा सोडली, तर रात्री टायर कमी हवेवर धावतो. मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेले असल्यास व्हॉल्व्ह वर आणून मोजावे, म्हणजे पाणी गेजमध्ये शिरत नाही.

या सगळ्याला किती वेळ लागतो? फार तर दहा मिनिटे. आमचे आजोबा बैल जुंपण्यापूर्वी रोज गाडीभोवती एक फेरी मारीत, आसाची खीळ हाताने चाचपून पाहत आणि मगच कासरा हाती घेत. लोखंडाची धाव गेली, रबराचा टायर आला. ती फेरी मात्र आपण सोडून दिली. आता रोज सकाळी काका ट्रॅक्टर सुरू करण्याआधी पाना घेऊन खाली वाकतात. सुट्टीत घरी असलो की गेज माझ्या हातात असतो.