वसईच्या किल्ल्याचे धनी

शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या वाटेवर चांदीप लागते. तेथील कोणालाही वसईचा किल्ला कोठे म्हणून विचारावे, तर तो साहजिकच पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने बोट दाखवील. परंतु ज्या मोहिमेत हा किल्ला मराठ्यांच्या हाती आला तिचा नवस फिटला तो पूर्वेकडे, वज्रेश्वरीला, आणि पुढे इंग्रजांच्या वेढ्यातून तो सोडविण्यासाठी जो सरदार धावला तो पडला तोही याच बाजूला, दुगाडला. किल्ला समुद्रकाठी असला, तरी त्याच्या मालकीचे तंटे असे दूरदूरच्या रानांत आणि त्याहूनही दूरच्या तंबूंत तुटत आले आहेत.

इंग्लंडातील किल्ल्यांचे इतिहास वाचताना मला आपल्याकडील सातबाऱ्यावरच्या फेरफारांची आठवण होते. केंट परगण्यातील लीड्सचाच किल्ला घ्या: १२७८ साली तो राणी एलिनॉरकडे आला, आठव्या हेन्रीने आपली पहिली राणी कॅथरिन हिच्यासाठी त्याची डागडुजी केली, पुढे तो सरदार घराण्यांच्या वारसाहक्काने फिरत राहिला आणि १९२६ साली लेडी बेली नावाच्या धनवान बाईंनी तो चक्क विकत घेतला. विवाह, वारसा, खरेदीखत! वसईच्या नशिबी इतके घरगुती व्यवहार नव्हते. तिचे धनी कधी तोफेने बदलले, कधी तहनाम्याने. आणि नवल असे की, तिच्या नावाने इतिहासात गाजलेले जे दोन तह आहेत, ते दोन्ही, पाठीवर दुसराच शत्रू घेऊन आलेल्या राज्यकर्त्यांनी केलेले आहेत.

पहिला गुजरातचा सुलतान बहादूरशहा. त्याचा सरदार मलिक तुघान याने वसईला तटबंदी केली होती, ती १५३३ मध्ये पोर्तुगीजांचा गव्हर्नर नूनो द कुन्या याने चढाई करून उद्ध्वस्त केली. इकडे समुद्रावर फिरंगी आणि तिकडे उत्तरेकडून हुमायून, अशा पेचात सापडलेल्या सुलतानाने २३ डिसेंबर १५३४ रोजी 'साव मातेउश' या पोर्तुगीज जहाजावर तह केला आणि वसई, साष्टी व मुंबई बेटासह हा सारा किनारा देऊन टाकला. १५३६ मध्ये नूनोने आतल्या बालेकिल्ल्याचे बांधकाम आरंभिले. बाहेरचा विशाल तट पुढच्या काळात उभा राहिला.

पुढची दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. गावेच्या गावे फिडाल्गो म्हणविणाऱ्या सरदारांना पिढ्यांच्या मुदतीने, अल्प वार्षिक साऱ्यावर, लष्करी चाकरीच्या अटीसह लावून दिली जात. या साऱ्याला ते 'फोरो' म्हणत, आणि मुंबईतील 'फोरास' जमिनींच्या नावात तो शब्द पोर्तुगीज अमल संपल्यानंतरही टिकून राहिला. दगडी वाडे, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट पंथीयांची मठमंदिरे यांनी नगर गजबजले. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. एवढ्या वैभवशाली राजधानीच्या हुकमतीखालचे मुंबई बेट मात्र १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाकडे गेले. वसईचे अधिकारी या देण्यावर नाखूश होते. ती नाखुशी किती रास्त होती, हे त्यांच्या वारसांना १७३९ मध्ये उमजले.

त्या वर्षी पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांचे सैन्य वसईला भिडले होते. १७३७ मध्येच ठाणे आणि साष्टी पडली होती, अर्नाळा गेला होता. पुढे माहीम आणि तारापूरही घेऊन झाले होते. वसईला तीन बाजूंनी खाडी, समुद्र आणि दलदल. मोर्चे बांधायचे ते उत्तरेकडील वाळूतून, तेही तटावरील तोफांच्या माऱ्याखाली. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हा इंग्रजांनी १५ हजार रुपये दिले, पण चर्चमधील चांदीची उपकरणी तारण घेऊन! सावकारी आणि राजकारण यांत त्या लोकांनी फारसा भेद कधी केला नाही. अखेर मे महिन्यात सुरुंग उडाले. काही नीट पेटले नाहीत, काहींनी आपल्याच माणसांचा घात केला. पण सेंट सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडले आणि प्रचंड प्राणहानी सोसून मराठे त्यात टिकून राहिले. कायतानु द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. आप्पांनी त्या उदार ठेवल्या होत्या: आठवड्याची मुदत, शिबंदीने शस्त्रांनिशी, वाजतगाजत बाहेर पडावे आणि मागे राहणाऱ्यांच्या धर्माला उपद्रव होऊ नये. वसईच्या चर्चमधील घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते.

वसईचे नाव काही काळ बाजीपूर झाले आणि शंकराजी केशव फडके सरसुभेदारीवर आले. मराठी अमल चाळीसएक वर्षे चालल्यावर राघोबादादांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात पेशवाईच्या लोभाने वसई इंग्रजांना देऊ केली. जी वस्तू आपल्या ताब्यात नाही ती दान करण्याचा हा प्रकार पुण्याच्या कारभाऱ्यांनी अर्थातच मानला नाही. मग १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वेढा घातला. विसाजी कृष्ण लेले आत लढत होते. रामचंद्र गणेश कानडे मदतीला येत होते. डिसेंबरात किल्ला पडला आणि लगोलग दुगाडच्या लढाईत रामचंद्र गणेशही पडले. परंतु तोफांनी जे नेले ते कागदाने परत आणले: १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पुन्हा पेशव्यांची झाली. साष्टी मात्र इंग्रजांनी सोडली नाही.

आता दुसरा तह. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजा उधळल्या. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबरला याच वसईत त्याने इंग्रजांबरोबरच्या तैनाती फौजेच्या करारावर सही केली. फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख लावून दिला. बहादूरशहाने हुमायूनच्या भीतीने वसई दिली होती. बाजीरावाने होळकरांच्या भीतीने वसईत बसून पेशवाईचे स्वातंत्र्य दिले. १८१८ मध्ये उरलेलेही गेले.

इंग्रजांना बाजूलाच मुंबई असल्याने या किल्ल्याचे काय करावे हे कळेना. त्याची जमीन खंडाने दिली गेली आणि एका इंग्रज मेजराने त्यात साखरेचा कारखाना थाटला. ज्या तटावर इतके रक्त सांडले त्याच्या आत उसाचा रस उकळावा, हे पाहून हसावे की रडावे, हे ठरविणे अवघडच. पुढे १८७६ साली मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉक्टर जोसे गर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. छपरे गेलेल्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज सरदारांची नावे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि तटाबाहेर किल्लाबंदर व पाचूबंदरच्या कोळ्यांची मासळी उन्हात वाळत असते. इकडे चांदीपवरून चैत्रातल्या यात्रेला निघालेली माणसे, आप्पांचा नवस जिथे फिटला त्या वज्रेश्वरीच्या देवळाच्या दगडी पायऱ्या चढतात. वरचा नगारखाना वसईच्या दरवाजाच्या धर्तीवर बांधला, असे तेथील लोक सांगतात.